गुठळीशी झुंज

ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी नर्स पेशंटला उठवून चालायला लावते. आपण बायका मात्र तिच्यावरच चिडतो. समाजकार्याच्या निमित्ताने सोलापूरच्या दवाखान्यांत माझं जाणं-येणं असतं. सिझेरियन झालेल्या लेकीला पडून राहू द्या, म्हणून वाद घालणाऱ्या आया तिथे नेहमी भेटतात. अशा वेळी मला डॉ. जॉन गिबन आठवतात.

गिबन यांचा जन्म १९०३ सालचा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. १९३०-३१च्या सुमारास ते बॉस्टनमध्ये उमेदवारी करत होते. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. गिबन रात्रभर तिच्या उशाशी बसून होते, पण ती वाचली नाही. तिचं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत शरीरात सोडता आलं असतं तर? हा विचार काही त्यांना सोडेना.

तिथल्याच प्रयोगशाळेत मेरी हॉपकिन्सन काम करायची. १९३१मध्ये दोघांचं लग्न झालं आणि संसाराबरोबर यंत्रही दोघांनी मिळून उभं केलं. अडचण एकच. शरीराबाहेर आलेलं रक्त विरजण लागल्यासारखं गोठतं. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध हाताशी आलं, म्हणून पुढची वाट सापडली. १९३५मध्ये एक मांजर यंत्राच्या आधाराने जगलं.

६ मे १९५३ रोजी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र त्यांनी बुजवलं. २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुस म्हणजे ते यंत्रच होतं. शेवटी शेवटी हेपरिन कमी पडलं आणि यंत्राच्या जाळ्यांवर रक्त गोठू लागलं! थोडक्यात निभावलं, मुलगी वाचली. पुढच्या दोन लहान मुली मात्र दगावल्या. खचलेल्या गिबन यांनी ते ऑपरेशन पुन्हा केलं नाही. इतर डॉक्टरांनी त्यांचं यंत्र सुधारून काम पुढे नेलं. १९७३मध्ये गिबन गेले.

कोरोनाच्या काळात ऐकलेलं एक्मो हे त्याच यंत्राचं भावंड. तिथेही हीच कसरत! हेपरिन कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. म्हणून रक्त सारखं तपासत राहावं लागतं.

पाय हलले नाहीत की पोटरीत गुठळी धरू शकते आणि तीच फुप्फुसात जाऊन अडकते. मैत्रिणींनो, असलं यंत्र प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. चालणं मात्र फुकट आहे. डॉक्टरांनी सांगितलं की लेकीचा हात धरा आणि तिला चार पावलं चालवा.