पेशवाईचा सिस्टीम अ‍ॅडमिन

कर्जतहून खोपोली लोकल पकडा. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत गाडी थेट घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबते. तिथलं वीरेश्वराचं देऊळ आणि त्याच्यापुढचं मोठं तळं तुम्ही पाहिलं असेल, निदान काठावर सेल्फी तरी काढला असेल. बोरघाटाच्या वाटेवरची ही दोन्ही बांधकामं नाना फडणवीसांची.

नाना म्हटलं की ‘साडेतीन शहाण्यां’तला अर्धा शहाणा आठवतो, मुत्सद्दी वगैरे. पण त्यांची मूळ नोकरी आठवा ना! फडणीस. म्हणजे कारभाराचा लॉग ठेवणारा माणूस.

१७४२ चा साताऱ्यातला जन्म. नाव बाळाजी जनार्दन भानू. १७५६ मध्ये वडील गेले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी अंगावर आली. १७६१ मध्ये पानिपतावरून जीव घेऊन परतले, आई मात्र त्या पळापळीत कायमची हरवली.

मग पुण्याचा फड. कुणाला पैसे, कुणाला इनाम, कुणाची नेमणूक, हुकूम कितीही मोठ्या माणसाचा असो, नोंद झाल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. रोजच्या कामाचं ‘चालू दफ्तर’ वेगळं आणि सगळ्या हिशेबांचे गोषवारे लावून ठेवलेलं ‘एकबेरीज दफ्तर’ वेगळं. रात्रीचा बॅकअप घ्यायला कंटाळणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) याची जरा लाज बाळगावी.

परगण्यात तर आणखी गंमत. मामलतदार साहेब खरा, पण त्याच्या हाताखालचे दिवाण, मजमुदार, फडणीस, पोतनीस वगैरे दरकदार त्याला परस्पर काढता येत नसत. म्हणजे ज्याच्या हातात तिजोरी, त्याच्या हातात हिशेबाची वही नाही. ही रचना नानांनी शोधलेली नव्हे, जुनीच. ती चालती ठेवणं हे त्यांचं काम, आणि ते जास्त कंटाळवाणं असतं.

एका ठिकाणी मात्र ते साफ चुकले. १७७७ मध्ये पुण्याच्या कोतवालीवर घाशीराम सावळदासाला बसवलं. शहरभर हात पोचेल एवढा अधिकार दिला आणि त्याच्यावर नजर ठेवली नाही. तक्रारी येत राहिल्या. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले, आणि शेवटी नानांना घाशीराम जमावाच्या हवाली करावा लागला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. अ‍ॅक्सेस काढून घ्यायला चौदा वर्षं लागली, तीही अशी.

दुसरी चूक कळायला त्यांना जावं लागलं. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. एवढा सगळा कारभार ज्याच्या डोक्यात आणि हातात, त्याच्या जागी बसेल असा माणूस तयारच नव्हता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे कुणी लक्ष देईना, नोंदी अर्धवट राहू लागल्या. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा नानांच्या वेळची शिस्त आणि नंतरचा पसारा, दोन्ही त्यांच्या हाती लागले.

ते दफ्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. बहुतेक सगळं मोडीत.