स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, इ.स. १८१७ - ४ सप्टेंबर, इ.स. १८६३) हे नागपूर येथे कार्यरत असलेले स्कॉटिश मिशनरी, शिक्षणप्रसारक व भूशास्त्राचे अभ्यासक होते. मध्य भारतातील जीवाश्मांच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. सेराटोडस या फुप्फुसमीनाची एक जाती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. इ.स. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस आले व पुढील वर्षी नागपुरास गेले. इ.स. १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा सुरू केली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसरातील खडकांचा अभ्यास केला आणि वनस्पती, शिंपले व प्राणी यांचे जीवाश्म जमविले.

मलेरीचे दात

प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मलेरी (सध्या तेलंगणात) येथील लाल मातीच्या थरांत त्यांना माशांचे दात मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी इ.स. १८५९ मध्ये त्यांचे वर्णन करून एका जातीस हिस्लॉपियानस व दुसरीस हंटेरियानस अशी नावे दिली.

सेराटोडसच्या सांगाड्याचा बराचसा भाग कूर्चेचा असल्याने तो सहसा टिकत नाही. कठीण दंतपट्टिका मात्र शिल्लक राहतात. वरच्या व खालच्या जबड्यांत अशा प्रत्येकी दोन पट्टिका असून त्यांवर पंख्याप्रमाणे पसरलेले कंगोरे असतात. त्यांचा उपयोग भक्ष्य चिरडण्यासाठी होत असे. इ.स. १८३८ मध्ये लुई अगासी यांनी केवळ दातांवरून हा वंश स्थापिला व त्यास शार्कवर्गीय माशांत स्थान दिले. इ.स. १८७० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे तशाच दातांचा, कल्ल्यांबरोबर फुप्फुसही असलेला जिवंत मासा शास्त्रज्ञांस ज्ञात झाला आणि जुने वर्गीकरण बदलावे लागले. तो उलगडा पाहण्यास हिस्लॉप हयात नव्हते. पुढे मलेरीच्या काही जाती टायकोसेराटोडस या वंशात हलविण्यात आल्या.

मृत्यू व स्मृती

टाकळघाट येथील शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना बोरीजवळ पुराने फुगलेला ओढा ओलांडत असता हिस्लॉप बुडून मरण पावले. मध्य प्रांतातील आदिवासींविषयीचे त्यांचे अप्रकाशित लेखन रिचर्ड टेंपल यांनी इ.स. १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. हिस्लोपाइट हे खनिज व नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय यांना त्यांचेच नाव देण्यात आले आहे.