मुलांच्या रेघोट्यांचा कैवारी

चौथीत असताना मी वहीच्या मागच्या पानावर गुरुजींचे चित्र काढले होते. नाकाच्या टोकावर आलेला चष्मा आणि हातातली छडी. चित्र जमले होते, पण तीच छडी तळहातावर बसली आणि पान फाडले गेले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. त्यामुळे चूक माझीच असणार, असे घरच्यांनी धरले. त्यानंतर मी कधी चित्र काढले नाही.

यंदा व्यंगचित्रकार शंकर यांचे चरित्र वाचताना ते फाटलेले पान आठवले. केशव शंकर पिल्लै यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी त्रावणकोर संस्थानातील कायमकुलम येथे झाला. शाळेत असताना त्यांनीही वर्गात झोपी गेलेल्या शिक्षकाचे चित्र काढले होते. मुख्याध्यापक संतापले, परंतु चुलत्यांनी त्या चित्रातला गुण ओळखला आणि मुलाला उत्तेजन दिले. त्यांच्या आणि माझ्या गोष्टीत फरक पडला तो इथेच!

१९२७ साली पदवी घेऊन शंकर कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईस आले. कायदा मागे पडला, आणि ‘फ्री प्रेस जर्नल’ व ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या पत्रांतून त्यांची व्यंगचित्रे येऊ लागली. १९३२ साली ते दिल्लीच्या ‘हिंदुस्थान टाइम्स’मध्ये गेले. १९४८ साली त्यांनी ‘शंकर्स वीकली’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. पंतप्रधान नेहरूंवर त्यांनी असंख्य व्यंगचित्रे काढली, तरी दोघांचा स्नेह टिकला.

मला मात्र त्यांचे थोरपण दिसते ते दुसऱ्याच कार्यात. १९४९ साली त्यांनी साप्ताहिकातर्फे मुलांसाठी चित्रांची आणि लेखनाची स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी तिला परदेशांची दारे खुली झाली. मुलाला लागे काय? एक कागद, थोडे रंग आणि टपालाचा खर्च. देशोदेशीची चित्रे दिल्लीत येत, त्यांची प्रदर्शने भरत. निवडक चित्रांचा वार्षिक अंक निघे, आणि एका देशातल्या मुलाने काढलेले घर दुसऱ्या देशातले मूल पाहू शके. पुढे या स्पर्धेत शंभराहून अधिक देशांतील मुलांनी भाग घेतला.

एका कामातून दुसरे काम उभे राहिले. स्पर्धेत बक्षीस म्हणून देण्यासाठी हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली होती. तिच्यावरून शंकरांना बाहुल्या जमवण्याचा छंद लागला, आणि १९६५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उघडले. त्याआधी १९५७ साली मुलांना चांगली पुस्तके स्वस्तात मिळावीत म्हणून त्यांनी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ स्थापन केला होता. आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, ‘शंकर्स वीकली’ बंद झाले. मुलांचे काम मात्र थांबले नाही. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २६ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्याच्या चित्रावर मुख्याध्यापक रागावले, त्याने मोठेपणी जगभरच्या मुलांची चित्रे मानाने भिंतीवर लावली. एका चुलत्याच्या शाबासकीचे ऋण किती मोठ्या मनाने फेडावे, हे शंकरांकडून शिकावे.

मित्रहो, स्नेहसंमेलनात आपण रांगोळीचे प्रदर्शन भरवतो. त्या खोलीची एक भिंत जवळच्या प्राथमिक शाळेतील मुलांच्या चित्रांसाठी ठेवता येणार नाही का? खर्च फक्त खळीचा आणि टाचण्यांचा. माझी धाकटी बहीण सहावीत आहे. शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी तिला रंगपेटी आणली. परवा तिने माझेच चित्र काढले. नाक भलतेच मोठे आले आहे. ते पान मी फाडलेले नाही. दाराजवळच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे, लावले आहे.