५३ व्या वर्षी ते शिकाऊ शिक्षक झाले आणि पालकांनी पहिल्याच शाळेतून त्यांना बाहेर काढलं

डी.एड. केलेल्या कुणालाही विचारा, सराव पाठाचा पहिला दिवस विसरता येत नाही.

रात्री जागून लिहिलेलं पाठ टाचण, कार्डशीटवर चिकटवलेली चित्रं, मागच्या बाकावर वही उघडून बसलेले मार्गदर्शक आणि समोर चाळीस-पन्नास पोरं. टाचणात लिहिलेला प्रश्न विचारावा तर टाचणात नसलेलं उत्तर येतं. दहाव्या मिनिटाला घसा कोरडा पडतो आणि पंधराव्या मिनिटाला वाटतं, हे आपलं काम नव्हे.

याच डी.एड.च्या पुस्तकात एक अवघड नाव असतं. पेस्टालॉझी. परीक्षेला टीप येते म्हणून ते पाठ केलं जातं. सोपं ते कठीण, मूर्त ते अमूर्त, डोकं-हृदय-हात असे मुद्दे लिहिले की मार्क मिळतात आणि विषय संपतो.

पण ज्यांच्या नावावर ही टीप आहे, त्या माणसाची स्वतःची सुरुवात कशी झाली होती हे टीपेत नसतं.

तर ती सुरुवात झाली वयाच्या ५३ व्या वर्षी, एका बूट शिवणाऱ्या मास्तरांच्या खोलीत. आणि ती सपशेल फसली.

योहान हाइनरिक पेस्टालॉझी यांचा जन्म १२ जानेवारी १७४६ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा. वडील शल्यवैद्य होते. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. घरात बाबेली नावाची मोलकरीण होती. मालक मरणाच्या दारात असताना तिने शब्द दिला होता, की घर सोडून जाणार नाही. तो तिने आयुष्यभर पाळला. पैशाची ओढाताण इतकी, की कपडे आणि बूट झिजू नयेत म्हणून ती पोरांना बाहेर खेळायला सोडत नसे. त्यामुळे हा पोरगा घरातच वाढला. गबाळा, भाबडा आणि व्यवहारात कच्चा.

सुट्टीत तो आजोबांकडे जायचा. आजोबा झुरिकजवळच्या एका गावात पाद्री होते. त्यांच्याबरोबर फिरताना गरिबांची घरं आणि गावची शाळा त्याने जवळून पाहिली. त्या काळी शाळा म्हणजे काय, तर मुलांनी धर्माची प्रश्नोत्तरं घोकायची आणि मास्तरांनी छडी चालवायची. अर्थ कळला की नाही, हे विचारायची पद्धत नव्हती.

कॉलेजात असताना रूसोचं एमिल हाती पडलं. मुलाला निसर्गाच्या कलाने वाढवा, हा त्यातला विचार या तरुणाच्या डोक्यात बसला. पुढे १७६९ मध्ये ॲना शुल्टहेस हिच्याशी लग्न झालं. मुलगा झाला तेव्हा त्याचं नावही रूसोवरून ठेवलं.

आता प्रयोग करायला घरातच मूल होतं.

मुलगा जेमतेम साडेतीन वर्षांचा असताना पेस्टालॉझींनी त्याच्या शिक्षणाची रोजनिशी लिहायला घेतली. त्यात त्यांना स्वतःचीच चूक सापडली. मुलाला आकड्यांची नावं म्हणता येत होती, पण त्या नावांमागे किती वस्तू असतात हे त्याला कळत नव्हतं. शब्द आधी आले होते, अर्थ आलाच नव्हता. पुढे हाच मुलगा अकरा वर्षांचा झाला तरी त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. घरचा पहिला प्रयोगही असा अर्धवट राहिला.

दरम्यान त्यांनी बिर गावाजवळ जमीन घेऊन शेती सुरू केली होती. घराचं नाव ठेवलं नॉयहोफ. शेती बुडाली. मग १७७४ मध्ये त्यांनी तिथेच गरीब, भीक मागणाऱ्या मुलांना आणलं. मुलांनी कापूस कातायचा, विणायचं, शेतात राबायचं आणि काम करता करता शिकायचं. त्या कमाईतून मुलांचा खर्च भागेल, असा हिशेब होता.

हिशेब चुकला. माल विकला जाईना. नवे कपडे मिळाले की काही पालक मुलांना घेऊन पसार व्हायचे. १७८० मध्ये हे घर बंद पडलं. त्यात बायकोला माहेरून मिळालेला पैसाही गेला.

त्यानंतर जवळपास अठरा वर्षं त्यांनी लेखणीवर काढली. १७८१ मध्ये आलेली लिओनार्ड आणि गर्ट्रूड ही कादंबरी खूप गाजली. दारूच्या नादी लागलेला नवरा, घर सावरणारी बायको आणि सूत कातता कातता मुलांना शिकवणारी तीच आई, अशी ही गोष्ट. १७९२ मध्ये फ्रान्सने ज्या परदेशी मंडळींना मानद नागरिकत्व दिलं, त्यात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याबरोबर पेस्टालॉझींचंही नाव होतं.

म्हणजे शिक्षणावर लिहिणारा माणूस म्हणून नाव झालं होतं. पण वर्गात उभं राहून शिकवायचा अनुभव जवळपास शून्य.

१७९८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सत्तांतर झालं. नव्या सरकारचे शिक्षणमंत्री होते फिलिप आल्बर्ट श्टाप्फर. शिक्षक तयार करणारी संस्था काढायची त्यांची योजना होती आणि तिची सूत्रं पेस्टालॉझींकडे द्यायचा त्यांचा विचार होता.

पेस्टालॉझींनी नकार दिला.

कारण साधं होतं. जी गोष्ट आपण स्वतः मुलांसोबत करून पाहिलेली नाही, ती दुसऱ्या शिक्षकांना कशी शिकवणार? त्यांना संचालकाची खुर्ची नको होती, त्यांना शाळामास्तर व्हायचं होतं.

संधी आली ती एका दुर्घटनेतून. सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने स्तान्स हे गाव उद्ध्वस्त केलं. कितीतरी मुलं अनाथ झाली. सरकारने तिथल्या एका मठात अनाथालय काढलं आणि पेस्टालॉझींना पाठवलं. १४ जानेवारी १७९९ पासून मुलं यायला लागली. कुणाला खरूज, कुणाच्या डोक्यात उवा, कुणी नुसत्या हाडांचा सापळा. बघता बघता संख्या ऐंशीच्या घरात गेली. सांभाळायला पेस्टालॉझी आणि एक बाई, बस.

ते मुलांबरोबर जेवायचे, त्यांच्याच खोलीत झोपायचे, आजारी मुलांची सेवा करायचे. गाव कॅथलिक आणि हे प्रोटेस्टंट, शिवाय गाव जाळणाऱ्यांच्या बाजूच्या सरकारने पाठवलेले. त्यामुळे लोकांचा विश्वास नव्हता.

इथेच त्यांना काही गोष्टी सापडल्या. ऐंशी मुलांना एकटा माणूस शिकवू शकत नाही, म्हणून ज्याला येतं त्याने शेजारच्याला शिकवायचं. पुस्तकं नाहीत, तर समोर जे आहे त्यावरून शिकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलाचं पोट भरलेलं नसेल आणि त्याला कुणी आपलं वाटत नसेल, तर बाकीचं शिकवणं वाया जातं.

पाच महिने होत नाहीत तोच सैन्याला दवाखान्यासाठी जागा हवी झाली. जून १७९९ मध्ये अनाथालय बंद पडलं. पेस्टालॉझींची तब्येत पार ढासळली होती, खोकल्यातून रक्त पडत होतं. गुर्निगेलच्या डोंगरात विश्रांती घेताना त्यांनी स्तान्सचा अनुभव एका मित्राला पत्रातून सविस्तर लिहिला.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. वय ५३, तब्येत खराब, दोन संस्था बुडालेल्या.

पण पेस्टालॉझींनी परत शाळा मागितली. श्टाप्फर यांच्या मदतीने ती मिळाली, बुर्गडॉर्फ गावात. तीसुद्धा गावातली सगळ्यात खालच्या दर्जाची. गावात राहणारे, पण गावकीचे हक्क नसलेले जे गरीब लोक होते, त्यांच्या मुलांची ही शाळा. मास्तर होते सॅम्युअल डिस्ली. मूळ धंदा बूट शिवण्याचा. सत्तरच्या वर मुलं आणि शाळा त्यांच्या घरातच भरायची. पेस्टालॉझी तिथे सहायक म्हणून रुजू झाले.

एकाच खोलीचे दोन भाग झाले. एका बाजूला डिस्ली मास्तर जुन्या पद्धतीने धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेणार, दुसऱ्या बाजूला पेस्टालॉझी पुस्तक न उघडता मुलांकडून आवाज, अक्षरं आणि आकडे म्हणून घेणार.

डिस्ली मास्तरांना भीती वाटली की हा म्हातारा आपली जागा घेणार. गावात कुजबुज सुरू झाली. नव्या मास्तरांना स्वतःलाच नीट लिहिता-वाचता येत नाही, गणित येत नाही, म्हणे. गंमत म्हणजे यात थोडं तथ्य होतं आणि पेस्टालॉझींनी ते पुढे स्वतः कबूलही केलं. त्यांचं अक्षर वाईट, शुद्धलेखन कच्चं आणि हिशेबाच्या नावाने बोंब.

पालक चिडले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. नव्या पद्धतीचा प्रयोगच करायचा असेल तर गावातल्या मोठ्या लोकांनी तो स्वतःच्या पोरांवर करावा, आमची पोरं त्यासाठी नाहीत.

पेस्टालॉझींना ती शाळा सोडावी लागली.

नशिबाने गावात त्यांच्या बाजूची काही माणसं होती. त्यांनी खटपट करून दुसरी जागा मिळवून दिली. मार्गारेटा श्टेली या बाईंची लहान मुलांची शाळा. पाच ते आठ वर्षांची वीस-पंचवीस मुलं. इथेही पेस्टालॉझी दबकतच वावरत होते. कधी हाकलतील याचा नेम नव्हता.

पण या वेळी वर्ग लहान होता आणि मुलंही लहान होती. त्यामुळे एक गोष्ट जमली. एखादी पायरी मुलाला कळली नाही, की ती मोडून आणखी लहान करता आली. अंक शिकवायचे तर आधी खडे आणि दाणे मोजायचे, आकडा नंतर. लिहायच्या आधी रेघा आणि कोन काढायचे. मुलाला जे दिसतं त्यावर आधी बोलू द्यायचं आणि मग त्याला नाव द्यायचं.

याच काळातला एक प्रसंग सांगितला जातो. मुलांना खिडकीचं चित्र दाखवून धडा चालला होता. एका मुलाने विचारलं, की खरी खिडकी समोर असताना चित्रावरून कशाला शिकायचं? पेस्टालॉझींना ते पटलं आणि त्यांनी चित्र बाजूला ठेवलं.

३१ मार्च १८०० रोजी गावच्या शाळा समितीने मुलांची तपासणी घेतली. एवढ्या लहान मुलांची एवढ्या कमी वेळात झालेली प्रगती पाहून समितीने लेखी कौतुक केलं. चोपन्न वर्षांच्या माणसाला शिक्षक म्हणून मिळालेला हा पहिला चांगला शेरा. त्यानंतर त्यांच्याकडे मोठ्या मुलांचा वर्ग आला.

म्हणजे आता ते आदर्श शिक्षक झाले का? तर नाही.

या वर्गात योहानेस राम्साउअर नावाचा मुलगा होता. तो पुढे स्वतः शिक्षक झाला आणि त्याने आठवणी लिहून ठेवल्या. त्यात दिसणारे पेस्टालॉझी असे आहेत. गळ्यात रुमाल नाही, अंगात कोट नाही, वेळापत्रक नाही. सकाळी आठला सुरुवात केली की अकरापर्यंत मोठमोठ्याने वाक्यं म्हणायची आणि मुलांनी ती एका सुरात परत म्हणायची. दहा वाजेपर्यंत मास्तरांचा आवाज बसलेला. मुलांनी काय म्हटलं, बरोबर की चूक, इकडे लक्ष नाही. शेजारची शाळा सुटल्याचा गलका ऐकू आला की यांना वेळ कळायची.

पण त्याच आठवणींत भिंतीचा धडाही आहे. वर्गातला भिंतीवरचा कागद जुना होऊन फाटला होता. पेस्टालॉझी मुलांना त्या फाटक्या कागदासमोर दोन-तीन तास उभं करायचे. भोक केवढं आहे, कोणत्या आकाराचं आहे, वर आहे की खाली, आतून काय दिसतं, असं एकेक बघून मुलांनी पूर्ण वाक्यात सांगायचं. पैसे नसलेल्या शाळेचं हे शैक्षणिक साधन.

शिकवण्याची दिशा त्यांना सापडली होती, पण वर्ग चालवणं त्यांना शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही. ही उणीव भरून काढली सहकाऱ्यांनी. हर्मान क्रुझी हा तरुण शिक्षक दुष्काळी भागातली मुलं घेऊन १८०० च्या सुरुवातीला बुर्गडॉर्फला आला होता. त्याला साथीला घेऊन पेस्टालॉझींनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गावच्या किल्ल्यात स्वतःची संस्था काढली. तिथे मुलं शिकायची आणि शिक्षकही तयार व्हायचे.

ज्या कामाला आधी नकार दिला होता, तेच काम त्यांनी आता हाती घेतलं. फरक एवढाच की मधल्या दोन वर्षांत ते तीन शाळांमध्ये उभे राहिले होते.

१८०१ मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकातून मांडली. १८०५ पासून इव्हर्डन इथली त्यांची संस्था युरोपभर गाजली. प्रशियाने आपले तरुण शिक्षक तिथे शिकायला पाठवले. फ्रीडरिक फ्रोबेल १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं तिथे राहिला. पुढे याच फ्रोबेलने किंडरगार्टन सुरू केलं. आज आपल्या गल्लीतली पोरं ज्या केजीत जातात, त्यातला के तो हाच.

शेवट मात्र सुखाचा नव्हता. सहकाऱ्यांमधली भांडणं आणि पैशांचा घोळ यामुळे १८२५ मध्ये इव्हर्डनची संस्था बंद पडली. पेस्टालॉझी नॉयहोफला परतले. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले.

त्यांना बिर गावात शाळेच्या इमारतीशेजारी पुरलं. त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, १८४६ मध्ये, गावात नवी शाळा झाली होती. त्यांचं स्मारक उभं केलं ते याच शाळेच्या भिंतीला लागून.