ज्ञानकोशकारांचा विवाह आणि समाजाची परीक्षा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा बाहेरून आलेल्या माणसांच्या श्रमावर उभा राहिला आहे. 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून चाकणच्या जर्मन वाहन कारखान्यांपर्यंत येथे भांडवल आले, यंत्रे आली आणि त्यांच्यामागोमाग निरनिराळ्या प्रांतांची, धर्मांची व वंशांची माणसेही आली. माणसे एकत्र आली की त्यांच्यात स्नेह जुळणार आणि काही विवाहही होणार, हे ओघानेच आले. परंतु परकीय यंत्राचे हारतुरे घालून स्वागत करणारा समाज परकीय सुनेच्या किंवा जावयाच्या बाबतीत मात्र एकाएकी शास्त्राधार शोधू लागतो. हा प्रसंग महाराष्ट्राला नवा नाही. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच पुणे परिसरात त्याला तोंड दिले, आणि त्यांचे चरित्र आज त्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

केतकरांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 रोजी रायपूर येथे झाला. 1906 मध्ये ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचे अध्ययन केले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. जातीची दोन प्रमुख लक्षणे त्यांनी त्यात सांगितली होती: सभासदत्व जन्माने मिळते आणि सभासदाला गटाबाहेर विवाह करण्यास मनाई असते. पुढे 1916 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमधील आपल्या निबंधात या व्याख्येची आदराने दखल घेतली. जातीची भिंत मुख्यतः विवाहाच्या बंदीवर उभी आहे, हे केतकरांनी असे तरुण वयातच ओळखले होते. केतकर शिकत होते त्या अमेरिकेतही अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी होती, आणि ती घटनाबाह्य ठरण्यास 1967 साल उजाडावे लागले. रोग एकट्या हिंदुस्थानाचा नव्हता.

अमेरिकेहून परतताना केतकर लंडनला राहिले. तेथे त्यांचा एडिथ कोहन या जर्मन ज्यू घराण्यातील विदुषीशी परिचय झाला. मध्यंतरी महायुद्ध झाले. केतकरांनी 1916 मध्ये नागपुरात ज्ञानकोशाच्या कार्याला हात घातला आणि नंतर ते कार्य पुण्यास आणले. 1920 मध्ये उभयतांचा विवाह झाला. त्यापूर्वी व्रात्यस्तोम हा विधी करून वधूला हिंदुधर्मात घेण्यात आले आणि एडिथच्या शीलवतीबाई झाल्या.

हा विधी का करावा लागला, हे समजण्यासाठी त्या काळचा कायदा पाहावा लागतो. 1872 च्या विवाहविषयक कायद्यानुसार नोंदणी विवाह करणाऱ्या वधूवरांना आपण हिंदू, ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान, पारशी इत्यादींपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे लिहून द्यावे लागे. म्हणजे धर्म नाकारा किंवा विवाह सोडा, एवढाच पर्याय होता. आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देणारे विठ्ठलभाई पटेलांचे 1918 चे विधेयकही संमत झाले नाही. केतकरांनी धर्म न नाकारता धर्माचेच जुने दार उघडले. वेदकाळी व्रात्यांना समाजात घेण्यासाठी जो विधी सांगितला होता, त्याचा आधार त्यांनी घेतला. हिंदू समाजाने बाहेरच्यांना आत घेतले पाहिजे, हा त्यांचा विचार होताच. तो त्यांनी स्वतःच्या संसारात आचरून दाखविला.

यातील धाडस लहान नव्हते. ज्ञानकोशाचे मंडळ भाग विकून आणि वर्गणीदार जमवून चालत होते. ज्या मध्यमवर्गाच्या सदिच्छेवर हा डोलारा अवलंबून होता, त्याच वर्गाच्या रूढीला धक्का देणारा हा विवाह ऐन प्रकाशनाच्या सुमारास झाला. तरीही तेवीस खंडांचे काम दशकअखेर तडीस गेले.

परंतु या घटनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाव बदलले ते वधूचे, धर्म बदलला तो वधूचा, भाषा आणि देश सोडला तोही वधूनेच. समाजाची मान्यता मिळविण्याचे सारे मोल एकाच बाजूने चुकते झाले. केतकरांच्या विद्वत्तेने दार उघडले हे खरे, पण आत येणारीवरची अट तशीच राहिली. शीलवतीबाईंनी मात्र आपल्या कर्तृत्वाने ही विषमता पुष्कळशी पुसली. प्रागचे ज्यू पंडित विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड 1927 मध्ये आणि दुसरा 1933 मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या खंडावर त्यांच्यासह कुमारी कोहन यांचेही नाव आहे. जी सून बाहेरची म्हणून गणली जाई, तिनेच आपले वेदवाङ्मय जगापुढे ठेवले! दोनच वर्षांनी, 1935 मध्ये, जर्मनीत ज्यूंशी विवाह करणे कायद्याने गुन्हा ठरले. रक्ताच्या शुद्धीचा आग्रह कोठवर जातो, हे जगाने नंतर पाहिले.

केतकरांनी हा प्रश्न कादंबरीतही मांडला. 1930 च्या ‘ब्राह्मणकन्या’मधील कालिंदीला ब्राह्मण पिता असूनही आईच्या कुळामुळे समाजात स्थान मिळत नाही. मिश्र विवाहाची किंमत पुढच्या पिढीकडून वसूल करणाऱ्या समाजाचे ते चित्र आहे. 1931 मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आर्थिक ओढाताण मात्र सुटली नाही. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज कायदा पुढे गेला आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता आणि न नाकारता विवाह करता येतो. परंतु त्यासाठी तीस दिवसांची नोटीस कचेरीत लावली जाते, आणि अनेक जोडप्यांना हाच महिना भीतीचा वाटतो. म्हणून आजही कोणी एकाने धर्म बदलून सोपी वाट धरावी, असा सल्ला घरोघरी दिला जातो. तो सल्ला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की 1920 मध्ये तो नाइलाज होता. आज तो केवळ आपला हट्ट आहे. ईशान्येकडून आलेल्या मुलीला किंवा परदेशी जावयाला, तू आमच्यासारखा हो म्हणजे तुला आपले म्हणू, असे सांगणे हे स्वागत नव्हे, ती जकात आहे. केतकरांनी ती भरली, कारण दुसरा मार्ग बंद होता. मार्ग खुला झाल्यावरही जकात नाका चालू ठेवणे त्यांच्या नावाला शोभणारे नाही.