डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि एक नाकारलेला परवाना

परमुलखात मंडळ चालविणाऱ्यांना दोन विद्या आपोआप साध्य होतात. एक वर्गणी मागण्याची आणि दुसरी परवानगी मागण्याची. काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीचा अर्ज स्थानिक कचेरीतून एका ओळीच्या नकारासह परत आला. कारण दिलेले नव्हते. त्या सायंकाळी कार्यकारिणीच्या सभेत सर्वांनी संताप व्यक्त केला. मी मात्र गप्प बसलो होतो. सरकारी नोकरीत तशाच एका ओळीचे नकार माझ्याही लेखणीतून उतरले होते, आणि ते कोणाच्या घरी काय घेऊन गेले असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता. योगायोगाने त्याच सुमारास डॉ. किंग यांचे चरित्र माझ्या वाचनात आले.

मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील अटलांटा शहरी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. घरी सुस्थिती असूनही कृष्णवर्णीय म्हणून जन्मास आलेल्या मुलास शाळा, बस, उपाहारगृह या प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग होती. १९५५ साली बॉस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. त्यापूर्वीच ते माँटगोमेरी येथे धर्मोपदेशक म्हणून रुजू झाले होते. त्याच वर्षी डिसेंबरात रोझा पार्क्स या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्याचे नाकारले आणि बसवरील बहिष्कारास प्रारंभ झाला. ३८१ दिवस लोक पायी चालले. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील वर्णभेद संपला. सव्विसाव्या वर्षी अंगावर पडलेले नेतृत्व त्यांना पुढे खाली ठेवता आले नाही.

१९५९ साली ते पत्नी कोरेटा यांच्यासह भारतात आले आणि सुमारे महिनाभर राहिले. राजघाटावर त्यांनी महात्माजींच्या समाधीचे दर्शन घेतले. मुंबईत मणिभवनातही ते राहिले. सत्याग्रहाची ज्यावर श्रद्धा बसली, त्याची कर्मभूमी पाहण्याची ती यात्रा होती.

त्या श्रद्धेची कसोटी लागली ती १९६३ साली, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात. तेथील दुकानांतून कृष्णवर्णीयांचे पैसे चालत. परंतु त्याच दुकानांतील उपाहारगृहात त्यांना बसू देत नसत. ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत निदर्शने करण्याचे ठरले. शहराच्या उपविधीनुसार मिरवणुकीस नगरप्रशासनाचा परवाना लागे. आणि लोकहित, शांतता, नीती, सोय अशा कोणत्याही सबबीखाली तो नाकारण्याची मोकळीक त्याच उपविधीने दिली होती. ३ एप्रिल रोजी चळवळीतील एक कार्यकर्ती परवाना मागण्यास गेली. पोलीस खाते ज्यांच्या हाती होते त्या युजीन कॉनर यांनी तिला धुडकावून लावले. दोन दिवसांनी तारेने पुन्हा मागणी झाली. परवाना देणे एकट्या आपल्या नव्हे, तर संपूर्ण नगरमंडळाच्या अधिकारातील बाब आहे, अशा अर्थाचे उत्तर आले. कचेरीत आयुष्य घालविलेल्या कोणालाही हे उत्तर ओळखीचे वाटेल!

१० एप्रिलच्या रात्री शहराने राज्याच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकलेही गेले नव्हते. आदल्या वर्षी आल्बनी येथे अशाच हुकुमाचा मान राखून किंग थांबले होते आणि तेथील चळवळ थंडावली होती. आता जामिनासाठी ठेवलेला पैसाही संपला होता. ते स्वतः तुरुंगात गेले तर अडकलेल्यांसाठी निधी कोण जमविणार, असा सहकाऱ्यांचा प्रश्न होता. घरी कोरेटा बाळंतीण होत्या. चौथे अपत्य जेमतेम पंधरा दिवसांचे होते. किंग एकटेच दुसऱ्या खोलीत गेले आणि परतले ते मोर्चास निघण्याचे ठरवूनच. १२ एप्रिल रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, ५२ माणसे चर्चमधून बाहेर पडली. पदपथावरून, रहदारीस अडथळा न करता ती चालत होती. चार चौक ओलांडल्यावर सर्वांना अटक झाली. एकांत कोठडीत वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी लिहिण्यास आरंभ केलेले पत्र आज जगभर वाचले जाते. मे महिन्यात शाळकरी मुले रस्त्यावर आली. त्यांच्यावर पाण्याचे झोत आणि कुत्री सोडण्यात आली. ते दृश्य सर्व देशाने पाहिले. १० मे रोजी समझोता झाला. पुढील वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि किंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परवान्याचे प्रकरण मात्र संपले नव्हते. मनाई हुकूम मोडल्याबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद व ५० डॉलर दंड झाला होता. जून १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली. हुकूम चुकीचा असला तरी तो आधी न्यायालयातच उलथविला पाहिजे, असा निर्णयाचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर नोबेल विजेते किंग बर्मिंगहॅमला जाऊन तुरुंगात दाखल झाले.

१९६८ साली मेम्फिस येथे ते सफाई कामगारांच्या संपास साहाय्य करण्यास गेले. तेथेही शहराने मोर्चाविरुद्ध मनाई हुकूम आणला. ४ एप्रिल रोजी त्यांचे वकील न्यायालयात त्याच हुकुमावर युक्तिवाद करीत होते. त्या सायंकाळी निवासाच्या सज्जात उभे असताना किंग यांच्यावर गोळी झाडण्यात आली. वय अवघे ३९. चार दिवसांनी तो मोर्चा निघाला. अग्रभागी कोरेटा होत्या.

१० मार्च १९६९ रोजी बर्मिंगहॅमच्या परवान्याचा खरा निकाल लागला. मोर्चात किंग यांच्यासमवेत चाललेले धर्मोपदेशक फ्रेड शटल्सवर्थ यांना ९० दिवसांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नेमक्या निकषांवाचून केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेला परवाना घटनेत बसत नाही, असे ठरले. ते ऐकण्यास किंग नव्हते. आपल्याकडेही १९७२ साली अहमदाबादच्या पोलीस नियमांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला. रस्त्यावरील सभांचे नियमन शासन करू शकते. परंतु निकषावाचून परवानगी नाकारण्याचा अनिर्बंध अधिकार कोणासही नाही.

आमच्या कार्यकारिणीने त्या वर्षी पुन्हा अर्ज केला. नकार कोणत्या नियमान्वये व कोणत्या कारणास्तव, एवढेच सौम्य शब्दांत विचारले. आठवड्याने परवानगी आली, मार्ग थोडा बदलून आणि वेळ एक तास अलीकडे आणून. गणपती वाजतगाजत गेले. मिरवणूक संपवून दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो, तेव्हा टेबलावर कोणा अनोळखी संस्थेचा अर्ज पडला होता. नियमाप्रमाणे तो नाकारावाच लागला. परंतु या खेपेस मी नियमाचा क्रमांक लिहिला, कारण लिहिले, आणि अपील कोठे करावे तेही लिहिले.