कराटेला पट्ट्यांची शिडी देणारे गिचिन फुनाकोशी

पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतचा कराटेचा प्रवास आज जगभर परिचित आहे. ही श्रेणीपद्धती कराटेत आणणारे गिचिन फुनाकोशी स्वतः ज्या परंपरेत घडले, तेथे मात्र पट्टेही नव्हते आणि परीक्षाही नव्हत्या.

फुनाकोशी यांचा जन्म १८६८ मध्ये ओकिनावा बेटावरील शुरी येथे झाला. सरकारी नोंदीत १८७० हे वर्ष आढळते. वैद्यकीय शाळेच्या प्रवेशपरीक्षेस पात्र ठरण्यासाठी केलेला तो बदल होता. परीक्षेत ते उत्तीर्णही झाले. परंतु केसांचा पारंपरिक बुचडा राखणाऱ्यांना तेथे प्रवेश नव्हता आणि तो कापणे कुटुंबाला मान्य नव्हते. गंमत अशी, की १८८८ मध्ये शिक्षकाची नोकरी पत्करताना अखेर तो कापावाच लागला.

बालपणी अशक्त असलेल्या फुनाकोशींना वर्गमित्राचे वडील आंको आझातो यांनी कराटे शिकवले; आंको इतोसू हे त्यांचे दुसरे गुरू. शिक्षण रात्री, आझातो यांच्या अंगणात चाले. एकच काता, म्हणजे हालचालींचा ठरावीक क्रम, महिनोन्महिने घोटावा लागे. गुरूंनी पुढचा काता दिला, की प्रगती झाली असे समजायचे. अशा तीन कातांसाठी फुनाकोशींची दहा वर्षे खर्ची पडली.

१९२२ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते टोकियोतील प्रदर्शनात कराटेचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी गेले. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान संस्थेत पाचारण केले. परतीचा बेत लांबत गेला आणि ते टोकियोतच राहिले. ओकिनावातील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात झाडलोट व बागकाम करून ते उदरनिर्वाह करीत.

कानो यांनी ज्युदोमध्ये १८८३ पासून 'डॅन' श्रेणी सुरू केली होती. फुनाकोशींनी ती श्रेणी, पट्टा आणि ज्युदोच्या धर्तीवरील पांढरा गणवेश स्वीकारला. १० एप्रिल १९२४ रोजी त्यांनी सात शिष्यांना पहिली डॅन प्रदान केली. त्यांपैकी काहींचे शिक्षण दोन वर्षांचेही नव्हते! जुन्या ओकिनावात हे अशक्यप्राय होते. मात्र समोर होते ते काही वर्षांत पदवी घेऊन निघून जाणारे विद्यापीठीय तरुण. दहा वर्षे थांबणारा शिष्य टोकियोत मिळणे कठीण होते. पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची रांग तेव्हा नव्हती. ती पुढे आली.

१९४५ मध्ये पुत्र योशिताका यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांची शोतोकान ही प्रशिक्षणशाळा बॉम्बहल्ल्यात भस्मसात झाली. तरीही उतारवयात त्यांचे अध्यापन सुरूच राहिले. २६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी शिष्यांना दिलेली सर्वोच्च श्रेणी पाचवी डॅन होती. नंतर संघटनांनी ही चढण दहाव्या डॅनपर्यंत नेली.